न्यू यॉर्कच्या इटालियन डेल्या आणि तिथली सँडविचं: नेहमी येणारे प्रश्न

न्यू यॉर्क-न्यू जर्सीत राहणारी मराठी मंडळी आणि मुलांकडे काही महिने राहायला आलेले आई-बाबा यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. निम्म्याहून अधिक प्रश्न शाकाहारी लोकांचे असतात, म्हणून त्यांची उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत. एकाच गोष्टीचा उल्लेख दोनदा टाळण्यासाठी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इटालियन डेली म्हणजे हॉटेल की दुकान?

दुकान. मुळात ते किराणा दुकान आहे, आणि एवढं लक्षात ठेवलं की बऱ्याच शंका उरत नाहीत. काचेच्या काउंटरमागे सलामी, हॅम, चीज, ऑलिव्ह, तेलात मुरवलेल्या भाज्या. भिंतीला लागून पास्ता, टोमॅटोचे डबे, ऑलिव्ह तेल. जे वजनावर विकायचं तेच पावात भरून द्यायचं, असं हे सँडविच जन्माला आलं. म्हणून बहुतेक ठिकाणी बसायला टेबल नसतं आणि वेटरही नसतो. कागदात गुंडाळलेलं सँडविच घ्यायचं आणि जवळच्या बागेत बाकावर बसून खायचं.

काही दुकानं एकेका धंद्यातून वाढली. 'पोर्क स्टोअर' म्हणजे डुकराचं मांस आणि ताजी सॉसेजेस विकणारं दुकान. ब्लीकर स्ट्रीटवरचं फायकोज हे असं १९०० सालचं दुकान. 'लात्तेरिया' म्हणजे दूधदुभत्याचं दुकान. ग्रँड स्ट्रीटवरचं दि पालोज १९१० मध्ये तसं सुरू झालं. आज दोन्हीकडे सगळं मिळतं, पण मूळ धंद्याची हातोटी अजून जाणवते. चीजसाठी मी तरी दि पालोजलाच जाईन.

२. न्यू यॉर्कमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर 'डेली' अशी पाटी असते. ती सगळी इटालियन दुकानं असतात का?

नाही. कोपऱ्यावरचं रात्रभर उघडं असणारं दुकान म्हणजे बहुधा बोडेगा. तिथे सिगरेट, दूध, कॉफी आणि तव्यावरचं अंडं-चीज सँडविच मिळतं. ज्यू डेली आणखी वेगळी. ह्यूस्टन स्ट्रीटवरची १८८८ सालापासूनची कॅट्झ डेली त्यातली सर्वांत प्रसिद्ध, आणि तिथे पास्त्रामी (मसाला लावून धुरावलेलं गोमांस) खायला जायचं असतं.

इटालियन डेली ओळखायची तर आधी वर बघा. छताला दोरीने बांधलेले प्रोव्होलोन चीजचे लांबट गोळे आणि सलामीच्या कांड्या टांगलेल्या असतात. मग ब्रेड बघा. कागदी पोत्यात उभ्या ठेवलेल्या लांब पावांना तीळ लावलेले दिसले आणि काउंटरवर पाण्यात बुडवलेला पांढराशुभ्र मोझरेला दिसला, की बिनधास्त आत जा.

३. हीरो, सब, होगी, पानिनी: यात फरक काय?

न्यू यॉर्कमध्ये लांब पावाच्या सँडविचला हीरो म्हणतात, फिलाडेल्फियात होगी, न्यू इंग्लंडमध्ये ग्राइंडर आणि देशभर सब. पानिनी म्हणजे अमेरिकेत दाबून गरम केलेलं सँडविच. न्यू ऑर्लीन्सचं मुफुलेटा मात्र खरंच वेगळं आहे. ते गोल पावात, बारीक चिरलेल्या ऑलिव्हच्या लोणच्यासारख्या मिश्रणाबरोबर देतात, आणि त्याचं श्रेय १९०६ मध्ये सुरू झालेल्या सेंट्रल ग्रोसरीला दिलं जातं.

४. ही दुकानं न्यू यॉर्कमध्येच इतकी का?

१८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून जास्त इटालियन माणसं अमेरिकेत आली. बहुतेक दक्षिणेची: नेपल्सच्या भोवतालचा कांपानिया प्रांत, कालाब्रिया, सिसिली. गावाकडे ती शेतमजुरी करायची आणि मांस सणासुदीलाच दिसायचं. न्यू यॉर्कला गोदीत, बांधकामावर, भुयारी रेल्वेच्या खोदकामावर रोख मजुरी मिळू लागली आणि गावी जे परवडत नव्हतं ते रोज परवडू लागलं. इटलीतल्या सँडविचमध्ये आजही एक मांस, फार तर एक चीज एवढंच असतं. इथलं सँडविच मुठीत मावत नाही. त्या भरगच्चपणाकडे मी पहिल्या पिढीचा आनंद म्हणूनच बघतो.

ब्रुकलिनच्या रेड हुक भागातलं डेफाँटेज १९२२ सालचं. गोदी कामगारांच्या दुपारच्या जेवणावर ते वाढलं आणि तिथल्या सँडविचचा आकार अजून त्याच भुकेचा आहे.

५. पहिल्यांदाच जाणार आहे. काउंटरवर नेमकं काय सांगायचं?

आधी नंबराचं मशीन आहे का ते बघा. असेल तर चिठ्ठी घ्या. नसेल तर तुमच्या आधी कोण आहे ते लक्षात ठेवा. रांग दिसत नसली तरी क्रम सगळ्यांना पक्का माहीत असतो.

नंबर आला की या क्रमाने सांगा. आधी पाव: लांब हीरो की गोल रोल, अख्खा की अर्धा. अख्खा हीरो साधारण फूटभर लांब असतो आणि दोघांचं पोट भरतं. मग आतला ऐवज. मग वरचं: लेट्यूस, टोमॅटो, कांदा, भाजलेली लाल ढोबळी मिरची, व्हिनेगरमधली तिखट मिरची. शेवटी तेल आणि व्हिनेगर. मेयोनेज मागितलं तर देतील, पण सलामीच्या सँडविचला तेल-व्हिनेगरच शोभतं. मांसाचा तुपकटपणा कापायला काहीतरी आंबट हवंच.

भिंतीवरच्या फलकावर नाव दिलेलं सँडविच असेल तर पहिल्या वेळी ते तसंच घ्या. काही दुकानांत त्यात बदल करून देतच नाहीत, आणि ते गर्विष्ठपणाने नव्हे. ज्याने ते जुळवलं त्याने तेलाचा, मिठाचा, आंबटाचा हिशोब आधीच केलेला असतो. शाकाहारासाठी किंवा ॲलर्जीसाठी बदल हवा असेल तर कारण सांगा. कारण सांगितलं की माणसं ऐकतात.

वजनावर घ्यायचं असेल तर पौंडाचा हिशोब: पाव पौंड म्हणजे साधारण ११३ ग्रॅम, अर्धा पौंड म्हणजे २२७. काप किती जाड हवेत हे विचारतात. प्रोशुत्तो (मीठ लावून वाळवलेला हॅम) नेहमी कागदासारखा पातळ मागा. पहिला काप तुमच्या हातावर ठेवून "असा चालेल?" म्हणून दाखवतात. तो खाऊन बघायचा असतो, परत द्यायचा नसतो.

६. ते लोक मोझरेलाला 'मुत्झ' आणि कापिकोलाला 'गाबागूल' का म्हणतात? आपणही तसंच म्हणायचं का?

दक्षिण इटलीच्या बोलींमध्ये शेवटचा स्वर गिळतात, आणि शंभर वर्षांपूर्वी आलेल्या लोकांनी तीच बोली इथे जपली. तुम्ही काउंटरवर 'मोझरेला' म्हणा, सगळ्यांना कळतं.

७. 'इटालियन कॉम्बो'मध्ये काय काय असतं?

दुकानागणिक थोडं वेगळं, पण साधारण तीन प्रकारचं मांस आणि प्रोव्होलोन. कापिकोला (मसाला लावून मुरवलेलं मानेजवळचं मांस), सोप्रेसाता (जाडसर दळलेली, दाबून वाळवलेली सलामी), जेनोआ सलामी, मोर्तादेला (शिजवलेलं, गुळगुळीत, आत चरबीचे पांढरे ठिपके आणि कधी पिस्ते), हॅम किंवा प्रोशुत्तो.

यातलं बरंचसं अमेरिकेतच बनवलेलं असतं आणि त्याला इतिहास आहे. डुकरांच्या साथीच्या रोगांमुळे अमेरिकेने इटलीचं डुकराचं मांस कित्येक वर्षं येऊच दिलं नाही. पार्मा प्रोशुत्तोला १९८९ मध्ये परवानगी मिळाली आणि मोर्तादेलाला २०००मध्ये. उत्तर इटलीच्या काही प्रांतांतल्या सलामीवरची बंदी उठायला २०१३ साल उजाडलं. तोवर इथल्या खाटिकांनी आपापल्या तळघरात मांस वाळवून ही परंपरा चालू ठेवली. म्हणून 'इम्पोर्टेड' म्हणजे चांगलं आणि इथलं म्हणजे नकली असं समजू नका. जुन्या पोर्क स्टोअरची स्वतःची सोप्रेसाता मला अनेक आयात मालांपेक्षा जास्त आवडते.

८. मी शाकाहारी आहे. तिथे माझ्यासाठी काही असतं, की नुसतं टोमॅटो-चीज खाऊन परतायचं?

खूप असतं, आणि हे उत्तर नीट वाचा, कारण आपल्याकडची बरीच माणसं दारातूनच मागे फिरतात. दक्षिण इटलीच्या गरीब घरांचं रोजचं जेवण भाज्या, कडधान्यं आणि पावावर चालायचं. तुमच्यासाठी कोणी मांस काढून टाकून शाकाहारी सँडविच तयार करतो असं नाही. त्यांची स्वतःची, जुनी, पूर्ण शाकाहारी सँडविचं आहेत.

तळलेल्या वांग्याचं सँडविच त्यात पहिलं. पातळ काप, ब्रेडचा चुरा लावून तळलेले, थंड झालेले, त्यावर ताजा मोझरेला आणि भाजलेली लाल ढोबळी मिरची. तेच गरम, टोमॅटो सॉस आणि वितळलेल्या चीजबरोबर घेतलं की ते एगप्लँट पार्म. माझा कल थंडाकडे, कारण सॉसमध्ये वांग्याची चव बुडते.

मग ब्रॉकोली राब. नावात ब्रॉकोली असली तरी ही सलगमच्या कुळातली कडसर पालेभाजी आहे. लसूण आणि ऑलिव्ह तेलात परततात. कडू चवीची ज्यांना आवड आहे त्यांनी ही प्रोव्होलोनबरोबर अवश्य खावी.

अंडं चालत असेल तर बटाटा-अंडं हीरो. हे कॅथलिक लोकांच्या उपासाचं सँडविच. अमेरिकेत १९६६ पर्यंत वर्षभर दर शुक्रवारी मांस वर्ज्य होतं, आता ते मुख्यतः ईस्टरआधीच्या लेंट नावाच्या उपासकाळातल्या शुक्रवारांपुरतं राहिलं आहे. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये शुक्रवारी गेलात तर फलकावर बिनमांसाचे पदार्थ एरवीपेक्षा जास्त दिसतील.

आणि पानेल्ले. सिसिलीच्या पालेर्मोचा पदार्थ. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून, थापून, वड्या पाडून तळायच्या आणि पावात घालायच्या. आपल्या पाटवडीला तळून पावात घातलं तर जे होईल, अगदी तेच. सगळीकडे मिळत नाही. ब्रुकलिनमधल्या सिसिलियन दुकानांत विचारा.

पुढे ९, १० आणि ११ वाचल्याशिवाय मात्र ऑर्डर देऊ नका.

९. चीज शाकाहारी असतं ना? रेनेटचं काय?

रेनेट म्हणजे वासराच्या, कोकराच्या किंवा करडाच्या जठरातून काढलेलं, दूध साकळवणारं द्रव्य. सूक्ष्मजीवांपासून किंवा वनस्पतींपासून केलेलं रेनेटही मिळतं. तुम्ही यात किती काटेकोर आहात ते तुमचं तुम्ही ठरवा. मी फक्त कुठे काय असतं ते सांगतो.

पार्मिजियानो रेजियानोमध्ये वासराचं रेनेट असतंच, कारण तसा नियमच आहे. पेकोरिनो रोमानोत कोकराचं असतं. इटलीहून आलेल्या तिखट प्रोव्होलोनमध्ये करडाचं किंवा कोकराचं रेनेट वापरतात आणि तो झणका त्यामुळेच येतो. अमेरिकेत बनलेल्या साध्या प्रोव्होलोनमध्ये बहुतेकदा सूक्ष्मजीवांचं रेनेट असतं, पण बहुतेकदा म्हणजे नेहमी नव्हे.

ताज्या मोझरेलाचं उत्तर दुकानात मिळतं. बहुतेक डेल्या दूध स्वतः फाडत नाहीत. घट्ट साकळलेल्या दुधाचे तयार ठोकळे, ज्याला तिथे कर्ड म्हणतात, ते विकत आणतात आणि मोझरेला स्वतः ओढतात (प्रश्न १३). त्यामुळे "रेनेट कोणतं?" असं विचारलं तर काउंटरवरच्या माणसाला कदाचित सांगता येणार नाही. "कर्डच्या खोक्यावरचं लेबल दाखवता का?" असं विचारा. लेबलवर नुसतं 'एन्झाइम्स' लिहिलेलं असेल तर त्यातून काही कळत नाही, कारण अमेरिकेत एवढं लिहिणं पुरतं. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका बघायची आपल्याला सवय असते. अमेरिकेत तसा सक्तीचा ठिपका नाही.

१०. अंडं आणि छुपं मांस: कुठे सावध राहायचं?

वांग्याचे काप चुऱ्यात घोळवण्याआधी बहुतेक ठिकाणी फेटलेल्या अंड्यात बुडवतात आणि चुऱ्यात किसलेलं पेकोरिनोही असतं. अंडं न खाणाऱ्यांनी "ब्रेडेड की ग्रिल्ड?" विचारावं आणि ग्रिल केलेलं वांगं घ्यावं. रोजचा हीरो पाव पीठ, पाणी, यीस्ट आणि मिठाचा असतो, त्यात अंडं नसतं.

पण लार्ड ब्रेड नावाचा एक गोल, चकचकीत, फार सुंदर दिसणारा पाव असतो. त्यात डुकराची चरबी आणि सलामी-प्रोशुत्तोचे तुकडे घालून भाजलेलं असतं. काही ठिकाणी त्याला प्रोशुत्तो ब्रेड म्हणतात. बाहेरून मांस दिसेलच असं नाही.

दुसरा फसवा पदार्थ म्हणजे तेलातल्या छोट्या गोल भरल्या मिरच्या. वरून चीज दिसतं आणि आत बहुतेकदा प्रोशुत्तो असतो. भाताच्या तळलेल्या गोळ्यांत कधी नुसतं चीज, तर कधी खिमा. ब्रॉकोली राबमध्ये कधी सॉसेज मिसळलेलं असतं. टोमॅटो सॉसचे दोन प्रकार असतात: 'मरिनारा' बिनमांसाचा, आणि 'ग्रेव्ही' किंवा 'संडे सॉस' मांसाबरोबर तासन्‌तास शिजवलेला. एगप्लँट पार्म मागवताना सॉस कोणता ते विचारायला विसरू नका.

सुरी, पाट आणि काप करायचं यंत्र बहुधा सामायिक असतं. हे चालत नसेल तर गर्दी नसताना जा आणि यंत्र पुसून किंवा हातमोजे बदलून करायला सांगा. शांत वेळी बहुतेक जण आनंदाने करतात. दुपारी बाराच्या गर्दीत ही अपेक्षा ठेवू नये.

११. जैन आहोत, कांदा-लसूण चालत नाही. काही उपाय?

मुरवलेल्या आणि परतलेल्या जवळजवळ प्रत्येक भाजीत लसूण असतो, भाजलेल्या लाल मिरचीतसुद्धा. सोपी वाट म्हणजे ताजा मोझरेला, कापलेला टोमॅटो, तुळशीच्या कुळातलं बेझिल, मीठ आणि ऑलिव्ह तेल. हे सँडविच कमी प्रतीचं नाही. ऑगस्टमध्ये टोमॅटो पिकलेले असताना दुकानात याहून चांगलं काही नसतं. चीजची चौकशी प्रश्न ९ प्रमाणे करा.

१२. मांस खातो, पण गोमांस नको. किंवा चिकनच चालतं. काय मागवू?

मीटबॉल टाळा. त्यात गोमांस असतंच, बरोबर बहुधा डुकराचं आणि कधी वासराचं. ब्रेझाओला हे वाळवलेलं गोमांस आहे. रोस्ट बीफ तर नावातच आहे. सोप्रेसाता, कापिकोला, प्रोशुत्तो, पोर्केता हे सगळं डुकराचं. अमेरिकेत बनलेल्या सलामीत कधी कधी गोमांस मिसळतात, म्हणून तिचं लेबल बघायला मागा.

फक्त चिकन खाणाऱ्यांनी चिकन कटलेट हीरो घ्यावा. पातळ ठोकून, चुरा लावून तळलेला चिकनचा काप, ताजा मोझरेला आणि भाजलेली मिरची. 'कटलेट' एवढंच म्हणू नका, वासराच्या मांसाचंही कटलेट असतं. हलाल मांस मात्र या दुकानांत शोधू नका. जवळपास सगळा धंदा डुकराच्या मांसाभोवती उभा आहे, आणि भांडी-यंत्रं सामायिक आहेतच.

१३. 'ताजा मोझरेला' आणि पिझ्झावरचा मोझरेला यात एवढा काय फरक?

पिझ्झावरचा कोरडा असतो, टिकण्यासाठी केलेला. ताजा मोझरेला हा त्या दिवशीचा पदार्थ. कर्डचे तुकडे करून जवळजवळ उकळत्या, खारट पाण्यात सोडतात. ते मऊ झाले की हाताने किंवा लाकडी दांड्याने ओढायचे, दुमडायचे, पुन्हा ओढायचे, अंगावर रेशमासारखी चकाकी येईपर्यंत. मग गोळे तोडून पाण्यात टाकायचे. ज्याला हे येतं तो कमीत कमी ओढतो. जास्त ओढलं की गोळा रबरासारखा चिवट होतो. म्हणून दोन शेजारच्या दुकानांत एकच कर्ड आणूनही मोझरेला वेगळा लागतो.

खरेदी करताना 'सॉल्टेड' की 'अनसॉल्टेड' ते सांगा. नुसता खायचा तर खारट घ्या. कापल्यावर दुधाचं पाणी सुटलं पाहिजे. गोळा अजून कोमट असेल तर घरापर्यंतही धीर धरू नका. त्याच दिवशी संपवायचा बेत ठेवा. उरलाच तर त्याच्याच पाण्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि खाण्याआधी थोडा वेळ बाहेर काढा. थंडगार मोझरेलाला चव नसते.

१४. सगळे जण ब्रेडचंच का कौतुक करतात? आत काय आहे ते महत्त्वाचं नाही का?

आतला माल पैसे टाकले की कुठेही मिळतो. ब्रेड मात्र त्याच सकाळचा, जवळच्या भट्टीतला असावा लागतो. कवच कडक पण दातांना न बोचणारं, आतला भाग तेल पिऊनही न विरघळणारा. मॉट स्ट्रीटवरची पॅरिसी बेकरी १९०३ सालची आहे, ब्राँक्समधली मडोनिया ब्रदर्स १९१८ची. चांगल्या डेल्या अशाच कुठल्यातरी बेकरीशी बांधलेल्या असतात आणि कोणाचा ब्रेड आहे ते अभिमानाने सांगतात.

यावरून वेळ ठरवा. अकरा-साडेअकराला जा. दुपारी तीननंतर तीळ लावलेला ब्रेड संपलेला असतो आणि उरलेला मऊ पडू लागतो. थंड मांसाचं सँडविच विकत घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी जास्त छान लागतं, तेल-व्हिनेगर ब्रेडमध्ये उतरतं. तळलेल्या कटलेटचं सँडविच मात्र दुकानाच्या दारातच खा.

१५. एकच दिवस हातात आहे. कुठे जाऊ?

ब्राँक्समधल्या आर्थर ॲव्हेन्यूला. मेट्रो-नॉर्थने फोर्डहॅमला उतरून चालत जाता येतं. दोन-चार गल्ल्यांत बेकरी, चीजवाले, मासळी, पोर्क स्टोअर असं सगळं आहे, आणि गिऱ्हाइकांत घरचं सामान भरायला आलेले लोक भरपूर. तिथलं छताखालचं बाजारगृह १९४० मध्ये महापौर ला ग्वार्डियांच्या काळात उभं राहिलं. रस्त्यावरच्या हातगाडीवाल्यांना त्यात जागा दिली. आत शिरलात की माइक्स डेली दिसेल. बाजूलाच टाइटल ब्रदर्स हे १९१५ सालचं किराणा दुकान. ते चालवणारं कुटुंब ज्यू, ऑस्ट्रियाहून आलेलं. उंबरठ्याशी फरशीत सहा टोकांचा तारा जडवलेला आहे आणि आत इटालियन ऑलिव्ह, चीज आणि तेल. हे दुकान बघितल्याशिवाय परतू नका.

मॅनहॅटनमध्येच असाल तर दि पालोज किंवा फायकोज. ब्रुकलिनमध्ये कोर्ट स्ट्रीटवरचं कापुटोज मोझरेला आणि ताज्या पास्तासाठी, बेन्सनहर्स्टमधलं लिओनी अगणित नावांच्या हीरोंसाठी. क्वीन्समध्ये ७ नंबरच्या गाडीने कोरोनाला जाऊन लिओज लॅटिचिनी.

जर्सी सिटीत राहणाऱ्या आपल्या लोकांनी तर नदी ओलांडायचीही गरज नाही. पाथ गाडीने होबोकेनला जा. १९१३ सालचं फिओरेज हे मोझरेलासाठी नाव कमावलेलं दुकान तिथे आहे. न्यूअर्क ॲव्हेन्यूवर दर आठवड्याला भाजी आणायला जाणाऱ्या कित्येकांना हे इतकं जवळ आहे हे माहीतच नसतं.

मलबेरी स्ट्रीटवरच्या लिटल इटलीबद्दल खूप विचारतात. फिरायला जा. सप्टेंबरातली सान जेन्नारोची जत्रा १९२६ पासून भरते, ती बघण्यासारखी आहे. पण सँडविचसाठी तिथल्या टेबल-खुर्च्यांच्या रेस्टॉरंटांत बसू नका.

१६. कधी बंद असतात?

बरीच दुकानं संध्याकाळी पाच-सहालाच मिटतात आणि रविवारी अर्धा दिवस किंवा सोमवारी पूर्ण बंद असतात. ऑगस्टमध्ये काही कुटुंबं आठवडा-दोन आठवडे सुट्टीवर जातात. नाताळच्या आदल्या दिवशी आणि ईस्टरच्या आठवड्यात दारं उघडी असतात, पण रांग रस्त्यावर येते. त्या दिवसांत सँडविच काही दुकानांत बंदच ठेवतात. निघण्याआधी फोन करा.

१७. चीज घेतलं तेव्हा कर लागला नाही, सँडविचवर लागला. बिलात चूक झाली का?

नाही. न्यू यॉर्कमध्ये किराणा मालावर विक्रीकर नाही, पण सँडविचवर आहे, मग ते थंड असो, गरम असो, घरी नेणार असा किंवा तिथेच खाणार असा. शहरात तो ८.८७५ टक्के. तुम्ही ब्रेड, अर्धा पौंड सलामी आणि मोझरेला सुटा घेतलात तर कर लागत नाही. चार-पाच जण असाल तर असं सुटं घेऊन बागेत स्वतः भरणं स्वस्तही पडतं आणि शाकाहारी-मांसाहारी वेगळं ठेवता येतं. काही जुनी दुकानं फक्त रोख घेतात.

१८. दुकानाच्या दारावर ए-बी-सी ग्रेडचं कार्ड नव्हतं. तिथे खाणं सुरक्षित आहे का?

स्वच्छतेची श्रेणी दाखवणारी ती कार्डं शहराचं आरोग्य खातं २०१० पासून रेस्टॉरंटांना देतं. ज्यांचा मुख्य धंदा किराणा विक्रीचा आहे त्यांची तपासणी राज्याचं कृषी व बाजार खातं करतं, आणि त्यांना ए-बी-सी मिळत नाही. म्हणजे कार्ड नसण्याचं कारण साधं आहे: ते दुकान आहे (प्रश्न १).

१९. सून गरोदर आहे. तिला चालेल का?

थंड सलामी, हॅम, प्रोशुत्तो नको. त्यात लिस्टेरिया नावाचा जंतू असू शकतो, जो फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदरपणात फार घातक ठरतो. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा सल्ला असा की काउंटरवरचं मांस ७४ अंश सेल्सिअसपर्यंत, वाफा येईपर्यंत गरम केलं तरच खावं. पासष्टीच्या पुढच्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या लोकांनाही हेच लागू, म्हणजे सोबत आलेल्या आई-बाबांनाही. तिच्यासाठी ताजं तळलेलं चिकन किंवा वांगं, सॉस-चीज घालून भट्टीतून कढत निघालेलं सँडविच मागवा. याउपर तिच्या डॉक्टरांचं ऐका.

२०. जुनी दुकानं बंद पडतायत असं ऐकतो. खरं आहे का?

खरं आहे, आणि वाईट वाटावं असंच आहे. १८९२ सालची अलेव्हा डेअरी २०२३ मध्ये ग्रँड स्ट्रीटवरून उठली आणि न्यू जर्सीला गेली. कोर्ट स्ट्रीटवरचं एस्पोझितो पोर्क स्टोअर १९२२ चं, ते २०१९ मध्ये बंद झालं. भाडी वाढली, मुलं दुसऱ्या नोकऱ्यांत गेली, पहाटे चारला उठून मोझरेला ओढायला कोणी राहिलं नाही. गिऱ्हाईकही हललं. १९६४ मध्ये व्हेराझानो पूल झाल्यावर ब्रुकलिनची कितीतरी इटालियन कुटुंबं स्टेटन आयलंडला आणि पुढे न्यू जर्सीला गेली.

इमारत स्वतःच्या मालकीची असलेली दुकानं जास्त तगली. काउंटरमागे आज अनेक ठिकाणी मेक्सिकोची, इक्वेडोरची माणसं दिसतात. म्हणून "अस्सल राहिलं नाही" असं कोणी म्हटलं की मला ते अजिबात पटत नाही. ज्याने वर्षानुवर्षं रोज सकाळी मोझरेला ओढला त्याच्या हातात ती कला आहे, आडनाव काहीही असो.

२१. मुलाच्या वाढदिवसाला सहा फुटी हीरो मागवायचा आहे. निम्मे पाहुणे शाकाहारी आहेत. अर्धा-अर्धा करून देतात का?

देतात, पण मागवू नका. एकाच लांब पावात एका टोकाला सलामी आणि दुसऱ्या टोकाला वांगं ठेवलं तर तेल पसरतं, कापताना सुरी तीच फिरते, आणि टेबलावर ठेवल्यावर सीमा कुठे होती ते कोणालाच आठवत नाही. दोन वेगळे तीन फुटी घ्या, वेगवेगळ्या पाट्यांवर, आणि शाकाहारी आधी बांधायला सांगा. अंडं न खाणारे असतील तर ग्रिल्ड वांगं (प्रश्न १०). एका फुटाला साधारण तीन-चार माणसं धरतात. बेकरीला एवढा लांब पाव वेगळा भाजावा लागतो, म्हणून दोन-तीन दिवस आधी सांगा. तेल-व्हिनेगर बाटलीत वेगळं मागून घ्या आणि वाढायच्या अर्धा तास आधी घाला, म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनपर्यंतच्या प्रवासात ब्रेड भिजणार नाही.